हरी की रश?

इंग्रजीतल्या या दोन्ही शब्दांचा अर्थ घाई, पण जात वेगळी. कोल्हापुरात रंकाळ्याच्या स्टॉपवर बस हलायला लागली की मित्राला ‘हरी अप!’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘आवर की लवकर!’ इथे ‘रश अप’ चालत नाही. त्याचा अर्थ धावत जवळ किंवा वर जाणं असा होतो.

‘रश’मध्ये वेग जास्त आणि बऱ्याचदा घिसाडघाई. ‘डोन्ट रश द पेपर’ म्हणजे भराभर उरकून चुका करू नकोस. जखमीला तातडीने सीपीआर दवाखान्यात नेलं, तर ‘दे रश्ड हिम टू सीपीआर’ हेच सहज वाटतं. ‘हरीड’ इथे मिळमिळीत.

खरी गोची आपल्या मराठी ‘रश’ने होते. महाद्वार रोडला रश आहे म्हणून ‘देअर इज रश’ म्हणू नका, ‘इट्स क्राउडेड’ म्हणा. ‘रश अवर’ मात्र बरोबर.

‘मला घाई आहे’चं ‘आय हॅव हरी’ही चूक. ‘आयम इन अ हरी’ किंवा ‘इन अ रश’, दोन्ही चालतात. मधला ‘अ’ तेवढा गिळू नका.