क्रँक सेन्सर: कंपनीचा, लोकल की भंगारातला?

गाडी तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी चालू होते. माझ्या 2004 च्या हॅचबॅकने खंबाटकीच्या चढावर हेच केलं. सेल्फ जोरात फिरत होता, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलेना. अशा वेळी पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्ट कसा फिरतोय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर घ्यावा. आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारेला चीर गेली की ती उष्णतेने फाकते आणि गार झाल्यावर पुन्हा टेकते.

भंगारातला सेन्सर सगळ्यात स्वस्त, पण तो घेऊ नकाच. त्याच्याही तारेने तेवढीच वर्षं उष्णता खाल्लेली असते. दुकानदार मल्टिमीटर लावून ओहम (तारेचा विद्युत रोध) दाखवतो, पण ते गार सेन्सरचे.

लोकल सेन्सर मी स्वतः लावून पाहिला. सेन्सरचं टोक आणि दातेरी चक्र यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट असते. लोकलचा कान (बोल्ट बसतो तो भाग) किंचित जाड निघाला, फट वाढली. रस्त्यावर गाडी छान पळायची, कारण इंजिन वेगात असलं की सिग्नल जोरदार येतो. पण सेल्फ मारताना इंजिन हळू फिरतं, तिथे तो अपुरा पडायचा. रोज सकाळी तीन-तीन सेल्फ! चार महिन्यांत काढून टाकला.

कंपनीचा महाग, आणि जुन्या मॉडेलसाठी थांबावंही लागतं. म्हणून आधी जुन्या सेन्सरवरचा नंबर वाचा. बॉश, डेन्सोसारखे उत्पादक गाडी कंपन्यांना सेन्सर पुरवतात. त्याच नंबरचा त्यांच्या स्वतःच्या खोक्यात मिळाला, तर माझी पसंती त्याला.

पैसे मोजण्याआधी सेन्सरच्या वायरिंगचा कपलर (जोडणी) उघडून तेल, गंज, तुटकी तार बघा. सेन्सर दोन तारांचा असेल तर गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ओहम मोजा. सर्किट तुटलेलं दिसलं तर सेन्सर गेला. तीन तारांचा बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो, त्याला ही तपासणी चालत नाही.

बसवण्याचं म्हणाल, तर एका 10 नंबरच्या बोल्टवर असेल तर घरीच करा. क्रँक पुलीमागे असेल तर गॅरेजच बरं. जुना अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, टोक आतच तुटतं. गंज सोडवणारं तेल मारून हळूहळू फिरवत काढा. नव्याच्या ओ-रिंगला (रबरी रिंगला) इंजिन ऑइलचं बोट लावा आणि तार सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, मूळच्या क्लिपातच अडकवा.