कोलिब्री आणि रास्पबेरी पाय ४: इंटरनेट नसलेल्या शाळेत हा सर्व्हर कितपत चालतो?

शाळेत इंटरनेट नाही, किंवा आहे पण असून नसल्यासारखं आहे, अशा ठिकाणी डिजिटल अभ्यासाचे थोडेच पर्याय उरतात. त्यातला सर्वांत गांभीर्याने घ्यावा असा पर्याय म्हणजे कोलिब्री, इंटरनेटशिवाय धडे आणि चाचण्या पुरवणारं सॉफ्टवेअर. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेनं २०१२ मध्ये खान अकॅडमीचे धडे ऑफलाइन दाखवणारं केए लाइट आणलं. कोलिब्री ही त्याची पुढची पिढी. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं, आणि त्याचा इंटरफेस मराठीतही मिळतो. पण इंटरफेस मराठीत आहे म्हणून धडेही मराठीत मिळतील असं समजू नका. धड्यांची भाषा चॅनेलवर, म्हणजे धड्यांच्या संचावर, अवलंबून असते.

हे परीक्षण एका ठरावीक जोडणीचं आहे: सर्व्हर म्हणून ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, सिस्टिमसाठी ३२ जीबीचं कार्ड, धड्यांसाठी यूएसबीवर ५०० जीबीची एसएसडी, वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं उपकरण) आणि वर्गात तीसेक टॅबलेट.

वेगळा ॲक्सेस पॉइंट ही चैन नव्हे. पायच्या अंगच्या वायफायवर हॉटस्पॉट काढता येतो आणि प्रात्यक्षिकात तो झकास चालतो, कारण प्रात्यक्षिकाला चारच टॅबलेट असतात. अख्खा वर्ग एकदम जोडला की त्या छोट्या चिपची मर्यादा उघडी पडते. दहा-वीस उपकरणांनंतर नवीन जोडणी नाकारली जाते आणि ‘सर, माझं उघडत नाही’ सुरू होतं. ॲक्सेस पॉइंट नेटवर्क केबलनं पायला जोडला की हा प्रश्न मिटतो. कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ साधारण १ एमबीपीएस खातो, म्हणजे तीस मुलांनी एकाच वेळी लावला तरी ३० एमबीपीएस, आणि केबलला ते काहीच नाही. दोन वर्गांत दोन ॲक्सेस पॉइंट असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर एकाला वायफाय-चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. एसएसडीची यूएसबी ३ केबल अँटेनापासून लांब ठेवा, कारण तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो.

खरी डोकेदुखी विजेची. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं, पडद्यावर विजेचं चिन्ह येतं आणि प्रोसेसर गती कमी करतो. पण सर्व्हरला पडदाच नसतो, त्यामुळे ते चिन्ह कुणाला दिसत नाही. सगळ्यांना एवढंच दिसतं की ‘कोलिब्री स्लो आहे’. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, म्हणून फिरती हार्डडिस्क टाळा आणि एसएसडीच घ्या. वीज अचानक गेली की कार्डावरचं लिखाण अर्धवट राहतं. कोलिब्री मुलांची प्रगती एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं आणि तो अशा झटक्यांनी बिघडू शकतो. पॉवरबँक मध्ये ठेवावी असं सगळेच सुचवतात, पण बऱ्याच पॉवरबँका मुख्य वीज जाता-येता क्षणभर आउटपुट तोडतात आणि पाय रीस्टार्ट होतो. त्यापेक्षा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५ व्होल्टचा कन्व्हर्टर बरा. पाय आणि ॲक्सेस पॉइंट मिळून सुमारे १२ वॅट घेतात. बॅटरीतले ८४ वॅट-तास निम्म्यापर्यंतच वापरायचे धरले आणि कन्व्हर्टरचा तोटा वजा केला तरी तीन तास मिळतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. इंटरनेट नसलं की तो वेळ कुठूनच घेऊ शकत नाही, आणि प्रत्येक वेळी वीज गेल्यावर मागे पडतो. मग अहवालात मंगळवारचा सराव शुक्रवारी दिसतो. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ-मॉड्यूल पिनांवर बसवा. ते बसवल्याशिवाय तारखांवर विसंबू नका.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. मूळ पॅकेजसोबत ‘कोलिब्री-सर्व्हर’ हे जोडपॅकेजही घ्या. ते प्रोसेसरचे चारही कोअर नीट वापरतं, आणि वर्गभर मुलं एकाच क्षणी लॉगिन करतात तेव्हा फरक जाणवतो. एसएसडीच्या बाबतीत मात्र घाई नको. डेस्कटॉपवर लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप जोडली जाते, पण पडद्याशिवाय सुरू झालेल्या पायवर ती तशी जोडली जाईलच असं नाही. परिणामी वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी कोलिब्री चालू असतं आणि धडे मात्र गायब. डिस्क तिच्या यूयूआयडीनं (ओळख-क्रमांकानं) कायमची माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडा, सोबत ‘नोफेल’ पर्याय लिहा (डिस्क सापडली नाही तरी पाय सुरू व्हावा म्हणून), आणि कोलिब्री ज्या वापरकर्त्याच्या नावे चालतं त्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी द्या. हे तिन्ही झाल्यावर मुद्दाम प्लग काढून पुन्हा लावून बघा. शाळेत पोचवण्याआधीची हीच खरी चाचणी.

धडे आणायचे तीन मार्ग आहेत: थेट इंटरनेटवरून, पेनड्राइव्हवरून किंवा त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कोलिब्रीवरून. अनेक शाळा असतील तर एकदा चांगल्या जोडणीवर उतरवून ड्राइव्हवर निर्यात करा. ड्राइव्हवर ‘कोलिब्री_डेटा’ नावाचा फोल्डर बनतो. तो सर्वांत वरच्या पातळीवरच राहायला हवा. कुणी व्यवस्थितपणाच्या हौसेनं तो ‘शाळा’ नावाच्या फोल्डरात टाकला की आयात पानाला काहीच सापडत नाही. आतल्या फाइलींची नावं अगम्य अक्षरांची असतात, ती बदलू नका. पूर्ण चॅनेल उतरवायचा मोह आवरा आणि इयत्तेला लागतील तेवढेच विषय निवडा. कोलिब्री स्टुडिओत वेगवेगळ्या चॅनेलांतले धडे उचलून आपल्या अभ्यासक्रमाच्या क्रमानं स्वतःचं चॅनेल बांधता येतं, स्वतःच्या पीडीएफ आणि व्हिडिओही घालता येतात. काम कंटाळवाणं आहे आणि ते विषयशिक्षकानेच करावं लागतं. पण ते झालं नाही तर मुलाला अपूर्णांकांचे चाळीस व्हिडिओ दिसतात आणि आज वर्गात शिकवलेला कुठला, ते कळत नाही.

मुलांची खाती सीएसव्ही फाइलीतून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) एकदम बनवता येतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आयातीच्या पानावर ‘या फाइलीत नसलेले वापरकर्ते काढून टाका’ अशा अर्थाचा एक पर्याय आहे. नवीन प्रवेश झालेल्या पाच मुलांची फाइल देताना त्यावर खूण झाली तर बाकीची शाळा पुसली जाईल. लहान इयत्तांसाठी पासवर्डची अट काढून टाकता येते, आणि ती काढावीच. तासाची पहिली पंधरा मिनिटं विसरलेल्या पासवर्डांवर घालवण्यात अर्थ नाही.

फोन वापरणार असाल तर एक खोड माहीत असू द्या. वायफायला इंटरनेट नाही असं दिसताच बरेच अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि पान उघडत नाही. मोबाइल डेटा बंद करायला सांगा. पायला कायमचा पत्ता द्या, मूळचं ८०८० पोर्ट बदलून ८० करा आणि पत्त्याचा क्यूआर कोड भिंतीवर लावा.

आता शिकवण्याच्या बाजूकडे. कोलिब्रीची खरी ताकद व्हिडिओत नाही, कोचच्या, म्हणजे शिक्षकाच्या, पानात आहे. शिक्षक धडा किंवा चाचणी वर्गाला नेमून देतो, आणि कुणी सुरू केलं, कुणी पूर्ण केलं, कोण अडकलंय हे लगेच दिसतं. चाचणीच्या अहवालात सर्वाधिक मुलांचा चुकलेला प्रश्न वर येतो आणि तो उघडला की प्रत्येकानं काय उत्तर दिलं तेही कळतं. समजा १/२ + १/३ ला बहुतेकांनी २/५ लिहिलंय, तर उद्या काय शिकवायचं ते ठरलंच. दीर्घोत्तरी लेखन तपासायची अपेक्षा मात्र ठेवू नका.

कोलिब्री मुलाची पातळी ओळखून आपोआप सोपा-अवघड सराव देत नाही. हा मोठा उणेपणा आहे. पेरूमधल्या ३१९ ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटपाचं जे मूल्यमापन झालं, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. उलट दिल्लीत २०१५ मध्ये माइंडस्पार्कच्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेत याचं माप) इतकी वाढ दिसली, आणि ते सॉफ्टवेअर मुलाच्या पातळीनुसार प्रश्न देणारं होतं. कोलिब्रीत हे काम शिक्षकानं गट पाडून करायचं असतं. गटांची सोय उत्तम आहे, पण शिक्षकाला आठवड्यातून एक तास त्यासाठी मोकळा मिळणार नसेल तर एवढा सर्व्हर नकोच. नुसता संदर्भ आणि वाचन हवं असेल तर विकिपीडियासारखा मजकूर ऑफलाइन दाखवणारं किविक्स हलकं आहे आणि त्यात खात्यांची भानगडही नाही.

एकाहून जास्त सर्व्हर असतील तर प्रगतीचा डेटा एकमेकांत सिंक होतो, पण दोन्हीकडे ‘फॅसिलिटी’ (कोलिब्रीतली शाळेची नोंद) तीच हवी. दुसऱ्या पायवर त्याच नावाची नवी फॅसिलिटी बनवली तर दोन्ही कधीच एकत्र येणार नाहीत. ती पहिल्यावरून आयातच करावी लागते. बॅकअपसाठी कोलिब्रीची स्वतःची डेटाबेस-बॅकअप आज्ञा आहे. ती आठवड्याला चालवून फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह सर्व्हरच्या पेटीत नव्हे, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. धडे पुन्हा उतरवता येतात, मुलांच्या नोंदी नाही.