छोट्या कॉफीबागेसाठी हातपल्पर: घेण्यासारखा आहे, पण फट जमली तरच

स्पेशालिटीचा, म्हणजे उत्तम दर्जाच्या कॉफीचा भाव हवा असेल तर अरेबिका कॉफीची चेरी (पिकलेलं फळ) तोडली त्याच दिवशी सोलली गेली पाहिजे. रात्रभर पोत्यात राहिली की ती आतून तापते आणि तो आंबूस वास थेट कपात उतरतो. चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरात दोन-चार एकर बाग असलेल्यांसाठी (आपल्याकडे चिखलदऱ्यातही) एका ड्रमचा हातपल्पर, म्हणजे चेरीची साल काढणारं हाताने फिरवायचं यंत्र, म्हणूनच मोलाचा आहे. वीज लागत नाही आणि दिवसाची शंभर-दीडशे किलो तोडणी संध्याकाळपर्यंत आरामात उरकते. त्याहून जास्त माल असेल तर मोटरवाला घ्या; हात भरून येतात आणि चेरी पडून राहते.

सगळी मदार ड्रम आणि समोरची ब्रेस्ट प्लेट (चेरी जिच्यावर दाबली जाऊन सोलते ती पट्टी) यांच्यातल्या फटीवर. फट कमी पडली की दाणा चिरतो. चिरलेला दाणा काळवंडतो आणि चव आंबट करतो. जास्त झाली की अख्खी चेरी तशीच बाहेर पडते. सुरुवातीला दोन-तीन किलो फिरवून बाहेर आलेले शंभर दाणे तपासा. दोन-तीनपेक्षा जास्त चिरलेले दिसले तर दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच सैल करा. एकाच बाजूचा फिरवला तर एकीकडे दाणे चिरतात, दुसरीकडे चेरी न सोलताच सुटते. चंद्रगिरी आणि एस. ७९५ या अरेबिकाच्या जाती एकत्र घालू नका, फळाचा आकार वेगळा असतो. हंगामाच्या शेवटी फळ बारीक होतं, तेव्हा फट पुन्हा लावावी लागते.

आधी चेरी पाण्यात टाका: पोकळ फळं तरंगतात, खडे तळाशी बसतात. एक खडा ड्रमच्या पत्र्याचे दात बोथट करायला पुरतो. हिरवी फळं हे यंत्र वेगळी करत नाही, ती चिरडतंच. तोडणीतच निवड हवी. दाण्यावरचा चिकट थर, म्हणजे चिकटा, काढायची सोयही नाही, त्यामुळे टाकीत आंबवणं आलंच. थंडीप्रमाणे १२ ते ३६ तास लागतात. दाणे मुठीत चोळल्यावर वाळूसारखे खरखरले की धुवायचे.

या पल्परची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाणी जवळजवळ न वापरता सोलता येतं. साल कोरडीच निघते, सरळ खताच्या खड्ड्यात जाते. धुण्याचं पाणी मात्र आम्लधर्मी असतं, ते ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. त्यासाठी वेगळा खड्डा खणा, त्यात चुना टाका.

रोज काम झाल्यावर ड्रम धुवा. अडकलेला एक कुजका दाणा उद्याचा माल नासवतो. विकत घेताना पत्र्याचा सुटा भाग मिळतो का विचारा, आणि पैसे देण्याआधी फटीत कागदाची पट्टी सरकवून ड्रम हळूहळू फिरवा. पट्टी कुठे अडकते, कुठे सैल राहते ते पाहा. ड्रम वाकडा असेल तर फट कधीच जमणार नाही.