मार्गदर्शनाच्या नावाखाली फुकटात काढून घेतलेले कॉमिक

कॉमिकच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या नवख्या चित्रकारांना ‘मेंटॉरशिप’ देतो असे सांगून त्यांच्याकडून फी घ्यायची आणि वर छापण्याजोगी पानेही काढून घ्यायची, असा प्रकार माझ्या आणि माझ्या तुकडीतील इतरांच्या बाबतीत घडला आहे. त्याच गृहस्थांनी नव्या तुकडीची जाहिरात सुरू केल्याचे दिसले, म्हणून हे लिहीत आहे. वकिलांच्या सल्ल्यावरून नाव देत नाही, पण पद्धत कळली तरी पुरेसे आहे.

अशा जाहिरातीवर विश्वास बसतो, त्याला कारणही आहे. अप्लाइड आर्टच्या अभ्यासक्रमात मला चित्रकथेचे जवळपास काहीच शिकायला मिळाले नाही. हे काम कोणाच्या तरी हाताखालीच शिकावे लागते, असे सगळेच सांगतात आणि त्यात तथ्य आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथा’साठी काम केलेले दिलीप कदम हे पुण्यात चित्रकार प्रताप मुळीक यांच्या हाताखाली तयार झाले. ही परंपरा आम्हाला ऐकून माहीत होती आणि जाहिरात करणाऱ्याने नेमका तिचाच आधार घेतला होता. सहा महिन्यांचे चोवीस हजार रुपये त्यांच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले गेले. पावती मागितली तेव्हा ‘गुरुदक्षिणेची पावती असते का?’ असे हसत उत्तर मिळाले.

सुरुवातीचे वर्ग चांगले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यानंतर गृहपाठ सुरू झाला आणि शिकवणे संपले. प्रत्येकाला पानाचा क्रमांक, पॅनेलची म्हणजे पानावरील चौकटींची आखणी आणि संदर्भचित्रे पाठवली जात. आम्ही फक्त पार्श्वभूमी इंक करायची म्हणजे शाईच्या रेषेत पक्की करायची, पात्रांच्या जागा मोकळ्या सोडायच्या आणि छपाईच्या रिझोल्यूशनची फाइल लेयर (चित्राचे वेगवेगळे थर) एकत्र न करता शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवायची. सरावासाठी छपाईची फाइल कशाला लागते, असे विचारणाऱ्या मुलाला ‘व्यावसायिक शिस्त’ या विषयावर लांबलचक व्याख्यान ऐकावे लागले. चांगला मार्गदर्शक पानावर लाल रेघा मारतो, वाचकाची नजर कोठे अडखळते ते दाखवतो, संवादाच्या फुग्यासाठी जागा सुटली नसेल तर पान पुन्हा काढायला लावतो. आमचे पान मात्र एकदा गेले की परत येतच नसे. ‘छान. पुढचे घे,’ एवढाच शेरा. माझ्या मते या व्यवहाराची परीक्षा एवढ्यानेच होते: शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याच्या चुकांमध्ये रस असतो, काम उपटणाऱ्याला फक्त पूर्ण झालेल्या पानात.

गृहपाठ एकमेकांना दाखवायचा नाही, असे आमच्याकडून गोपनीयतेच्या अर्जावर लिहून घेतले होते. नक्कल होऊ नये म्हणून, असे कारण दिले होते. तरीही एका मैत्रिणीने आपले पान मला दाखवले आणि सगळा उलगडा झाला. माझ्या चौदाव्या पानाच्या शेवटच्या पॅनेलमध्ये उजव्या कडेला एक बैलगाडी अर्धी बाहेर गेली होती. तिच्या पंधराव्या पानावर तीच गाडी, चाकाची तीच एक आरी मोडलेली, डावीकडून आत येत होती. आम्हाला वेगवेगळा सराव दिलेला नव्हता. एकच पुस्तक आमच्यात वाटून दिले होते.

ते पुस्तक पुढे छापून आले. चित्रकार म्हणून मार्गदर्शकांचे एकट्याचे नाव होते. जाब विचारल्यावर ‘विद्यार्थ्याचे काम संस्थेच्याच मालकीचे असते’ असे सांगण्यात आले. मजुरी तर मिळाली नाहीच, उलट राबण्याची फी आम्हीच भरली होती!

त्यांचे ते म्हणणे कायद्याला धरून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते काढणाराच असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क वेगळा करार नसेल तर नोकरी देणाऱ्याकडे जातो हे खरे. पण आम्ही फी भरणारे विद्यार्थी होतो, पगारी नोकर नव्हे. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे हक्क देणाऱ्याच्या सहीचा लेखी करार लागतो आणि त्यात कोणते काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश व मोबदला किती, हे नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क देऊन टाकले तरीही ‘हे मी काढले’ असे म्हणण्याचा अधिकार कलम ५७ खाली चित्रकाराकडेच राहतो. आमच्या गोपनीयतेच्या अर्जात हक्क देण्याविषयी एक ओळही नव्हती.

आम्ही काही जणांनी मिळून नोटीस पाठवली आहे. ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली पुढच्या आवृत्तीत आमची नावे टाकू, असा निरोप त्यांच्याकडून आला, तो आम्ही नाकारला. पानागणिक मोबदला, फी परत आणि चित्रकार म्हणून नाव, एवढी आमची मागणी आहे. आमच्या तुकडीतील किंवा आधीच्या तुकड्यांतील कोणी हे वाचत असल्यास मूळ लेयर असलेल्या फाइली, व्हॉट्सॲपवर आलेल्या सूचना आणि यूपीआयच्या नोंदी पुसू नयेत, आणि फोन बदलायचा असल्यास त्याआधी सगळ्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.