समर्थकांचा समूह कुठे बांधायचा? व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम की रविवारची बैठक

गेल्या आठवड्यात आमच्या प्रभागातला एक मुलगा घरी आला. नुकताच पक्षाच्या कामाला लागलाय, अंगात जोर आहे. म्हणाला, "ताई, समर्थकांचा ग्रुप काढायचाय. व्हॉट्सॲपवर काढू, फेसबुकवर की सरळ टेलिग्राम चॅनेल? हजारभर लोक सहज जमतील."

जमतील, यात शंका नाही. निवडणुकीच्या तोंडावर माणसं जमतातच. मी त्याला एवढंच विचारलं, निकाल लागून दोन वर्षं झाली की त्यातले किती जण तुझ्या हाकेला ओ देतील? तो गप्प बसला. त्याच्यासारख्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. बारा वर्षांत मी असे तीन समूह सांभाळले. दोन बुडाले, एक अजून जिवंत आहे.

व्हॉट्सॲपपासून सुरू करते, कारण दहातले नऊ जण तिथेच जातात. एका ग्रुपात आता १,०२४ जण घेता येतात. पूर्वी मर्यादा २५६ होती आणि माझ्या अनुभवाने तीच बरी होती. अडीचशेच्या आत माणूस नावाने कळतो, तो कुठल्या इमारतीत राहतो हे कळतं. त्याची किंमत मला एप्रिल २०२१ मध्ये समजली. रात्री पावणेदोनला मेसेज आला, "सासऱ्यांचा ऑक्सिजन ८१, बेड हवाय." दिवसभर ज्या ग्रुपात सभेचे फोटो आणि भाषणांचे व्हिडिओ फिरायचे, तिथे पंधरा मिनिटांत सहा जण फोनला लागले. एकाचा मेहुणा रुग्णवाहिका चालवायचा, एकीची बहीण नर्स होती. पहाटे चारला बेड मिळाला. ते आजोबा आजही सकाळी बागेत फिरायला येतात. त्या घराने पुढे मत कुणाला दिलं, हे मी कधी विचारलं नाही.

पण व्हॉट्सॲपला आठवण नाही. नवा माणूस आला की त्याच्यासाठी ग्रुप जवळपास त्या दिवसापासूनच सुरू होतो. २०२२ मध्ये पाण्याच्या तक्रारीची पोच कुणीतरी ग्रुपवर टाकली होती. दोन वर्षांनी पाठपुराव्याला तोच कागद हवा होता, तर फोटो उघडेना. टाकणाऱ्याचा फोन बदललेला, त्याच्याकडेही नाही. सगळा अर्ज पहिल्यापासून करावा लागला.

दुसरा आजार फॉरवर्डचा. हा नुसत्या कटकटीचा विषय नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा जाहीर केली. पक्षाचे ग्रुप ही अफवांची वाट होऊ शकते, आणि ती अडवणं ॲडमिनचं काम आहे. आमचा एकच नियम होता: ज्याची खात्री स्वतः केलेली नाही ते टाकायचं नाही. दोनदा सांगायचं, तिसऱ्यांदा काढायचं. यात मी सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही.

ॲडमिन व्हायला बरेच जण घाबरतात, म्हणून हेही सांगून ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही, तसा समान हेतू दिसायला हवा. तरी डोळे मिटून बसू नका.

फेसबुकची गोष्ट उलटी. तिथे आठवण आहे. पाच वर्षांपूर्वीची चर्चा शोधून काढता येते, नवा माणूस मागचं वाचून शहाणा होतो. अमेरिकेत किंवा आखातात असलेला आपला माणूस त्याच्या वेळेने लिहू शकतो. जाहीरनाम्यावर, अर्थसंकल्पावर सविस्तर लिहिणारे मला तिथेच भेटले. मात्र तिथे जमतो तो श्रोता. रविवारी सकाळी नाल्याची पाहणी करायला चला म्हटलं, तर अंगठे दीडशे आणि माणसं चार.

आणि तिथे किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न जीवघेणा ठरतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. या काळात गावोगावच्या समर्थकांची ताटातूट झाली. आम्हालाही वेगळ्या कारणाने हेच भोगावं लागलं. आमचं पेज ज्याने उघडलं होतं, तोच दुसरीकडे गेला. सकाळी उठून बघते तर पेजचं नाव बदललेलं, वरचा फोटो बदललेला, आणि अकरा हजार लोक जिथल्या तिथे. कुणालाही न विचारता सगळा संसार उचलून नेला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून पेज काढायचं असेल तर पहिल्याच दिवशी तिघांना पूर्ण अधिकार द्या, तिघं वेगवेगळ्या घरातले हवेत.

टेलिग्रामवर दोन लाखांचा ग्रुप होतो, चॅनेलला तर मर्यादाच नाही. जुनं सगळं राहतं, फाइलीही. सभेची वेळ कळवायला उत्तम. आपलेपणा मात्र मला तिथे जाणवला नाही.

ही तिन्ही घरं भाड्याची आहेत, हे विसरू नका. ऑर्कुटवर किती मराठी कम्युनिटी होत्या! ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेले. ज्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवले होते, ते पुढेही भेटत राहिले.

उरली बैठक. शाखा म्हणा, कट्टा म्हणा, कुणाच्या तरी गॅरेजमधल्या दहा खुर्च्या म्हणा. मुंबईत शिवसेना १९६६ पासून वाढली ती शाखांवर. नळाच्या पाण्यापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत माणूस आधी शाखेत जायचा. फुटीनंतर दोन्ही गट शाखांच्या जागांसाठी हमरीतुमरीवर आले, यातच त्या जागेचं मोल कळतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. नगरसेवकच नाही, तर जायचं कुणाकडे? त्या काळात आमचा समूह तगला तो रविवारी सकाळी दहाच्या बैठकीमुळे. वीस-पंचवीस जण यायचे, चहा व्हायचा, कोण कुठल्या अर्जामागे जाणार ते ठरायचं. बैठकीची अडचण एकच, ती कष्टाची आहे. नोकरी आणि घर सांभाळून दर रविवारी दार उघडणारा एक तरी माणूस लागतो.

तेव्हा प्रभागात काम करायचं असेल तर माझा कौल स्पष्ट आहे: आधी बैठक, तिला जोडून अडीचशेच्या आतला व्हॉट्सॲप ग्रुप, आणि कागदपत्रं एका वेगळ्या जागी तिघांच्या ताब्यात. विचार मांडायचे असतील, किंवा तुम्ही परगावी असाल, तर फेसबुकचा ग्रुप घ्या. तीन महिन्यांपुरता प्रचारच करायचा असेल तर काहीही चालेल.

त्या मुलाला मी दोनशे पानी वही दिली. रकाने मीच आखले: नाव, इमारत, फोन, रक्तगट, आणि शेवटी "काय करू शकतो". काल रात्री त्याचा फोन आला. एकवीस नावं झालीत, त्यात दोन प्लंबर आणि एक निवृत्त तलाठी.