टॅली प्राइममधील एककांची मांडणी : बांधकाम साहित्याच्या दुकानातील वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ आमचे प्लायवूड, सळई आणि वायरचे दुकान आहे. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू झाले तेव्हा टॅली प्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधील एककांची, म्हणजे माल मोजण्याच्या मापांची, सगळी मांडणी आम्ही नव्याने केली आणि पावसाळा व दिवाळी त्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. जीएसटी कसा लावायचा, बिल कसे छापायचे याची चौकशी सगळे करतात. एककांचे पान मात्र घाईने भरले जाते आणि साठ्याचा हिशोब बिघडायला सुरुवात तिथूनच होते.

दोन एककांचे नाते सगळ्या मालाला सारखेच लागू असेल, तरच संयुक्त एकक, म्हणजे दोन एकके कायमची जोडून केलेले एकक, करावे. एक ग्रोस म्हणजे 144 नग, मग तो स्क्रू असो की बिजागरी. प्लायवूडचे तसे नसते : 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फुटांची, 7 बाय 4 ची 28 आणि 8 बाय 3 ची 24. म्हणून प्रत्येक आकाराची वस्तू वेगळी उघडून मूळ एकक, म्हणजे साठा ज्यात मोजला जातो ते, नग ठेवले आणि चौरस फूट हे त्या वस्तूचे पर्यायी एकक, म्हणजे त्याच वस्तूपुरते दुसरे माप, केले. गिऱ्हाईक भाव फुटावर विचारते, गोदामातला माणूस शीट मोजतो; बिलात दर चौरस फुटाने लावूनही साठ्यातून शीटच वजा होते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

वायरच्या बाबतीत उलट केले. घरगुती वायरची कॉइल साधारणपणे 90 मीटरची असते, पण इलेक्ट्रिशियन 15 मीटरही कापून नेतो. मूळ एकक कॉइल असते तर ते 15 मीटर म्हणजे 0.1667 कॉइल झाले असते आणि दर विक्रीला शेवटचा अंक मागेपुढे झाला असता. त्यामुळे मूळ एकक मीटर आणि पर्यायी एकक कॉइल. आपण सुटे विकतो ते सर्वांत लहान माप कोणते, हे आधी ठरवावे आणि तेच मूळ एकक धरावे, असे माझे ठाम मत झाले आहे. शीट आम्ही अर्धी विकत नाही, म्हणून तिथे नग.

दशांशस्थाने 0 ते 4 ठेवता येतात. नगाला 0 ठेवल्याने अडीच शीटची नोंद होऊच शकत नाही. किलोला 3 ठेवली आहेत.

पूर्वी ज्यांनी मास्टर, म्हणजे वस्तू व एककांच्या मूळ नोंदी, भरून दिले होते त्यांनी नग, नंबर आणि पीस अशी तीन एकके एकाच अर्थाने उघडली होती आणि त्यांना यूक्यूसी, म्हणजे जीएसटीचा ठरलेला एकक-संकेत, वेगवेगळा जोडला होता. जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रातील एचएसएनचा, म्हणजे मालाच्या वर्गीकरण-क्रमांकाचा, गोषवारा यूक्यूसीनुसार फुटतो, त्यामुळे एकाच मालाच्या तीन ओळी दिसत आणि आमच्या सीए मॅडमना दर महिन्याला फोन करावा लागे. आता नग हे एकच एकक आहे आणि ते फोन थांबले आहेत.

सळईचे प्रकरण अजून पूर्ण सुटलेले नाही. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे दर मीटरचे किलो, या हिशोबाने 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.67 किलो भरते, पण आयएस 1786 या सळईच्या भारतीय मानकात या जाडीच्या वजनात 5 टक्के कमी-जास्त मान्य आहे आणि वजनकाट्याची पावती क्वचितच हिशोबाशी तंतोतंत जुळते. आम्ही मूळ एकक किलो व पर्यायी नग ठेवून, खरेदी नोंदवताना पावतीवरचे खरे वजन आणि मोजलेले नग दोन्ही लिहितो. बंडल हे तिसरे माप मात्र, वस्तूला पर्यायी एकक एकच मिळत असल्याने, वर्णनाच्या ओळीत टाकावे लागते. ज्यांचा मुख्य व्यापार सळईचा आहे, त्यांनी मास्टर भरण्याआधी हे तपासून घ्यावे.