धाकट्याचं नाव गॅनिमीड, अंकाचं नाव ॲसॅरॅकस

जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून ‘ॲसॅरॅकस’ या समलिंगी पुरुषांच्या कवितांच्या नियतकालिकाचा अंक मागवला. पाकीट कोपऱ्यात चेपलेलं आलं, कव्हरला कायमची घडी पडली. चालायचंच.

या नियतकालिकाचं नाव हीच निम्मी श्रद्धांजली आहे. न्यूयॉर्कचे जॉन स्टाल ‘गॅनिमीड’ हे समलिंगी पुरुषांचं साहित्य आणि कलेचं नियतकालिक चालवत. २०१० मध्ये ते गेले. त्यांच्याकडे छापून आलेला अमेरिकेतल्या आर्कान्साचा कवी ब्रायन बोरलंड याने आधी ‘गॅनिमीड अनफिनिश्ड’ हा स्मृतिअंक काढला. मग २०११ मध्ये ‘ॲसॅरॅकस’ हे स्वतःचं त्रैमासिक सुरू केलं. ग्रीक पुराणात झ्यूसने उचलून नेलेला सुंदर मुलगा म्हणजे गॅनिमीड. ॲसॅरॅकस त्याचा भाऊ, मागे जमिनीवरच राहिलेला. भाऊ गेल्यावर घर सांभाळणारा! बरं, प्रकाशनसंस्थेचं नाव काय, तर ‘सिब्लिंग रायव्हलरी प्रेस’, म्हणजे भावंडांमधली चुरस. माणूस शोकातही मिश्कील आहे.

आत मोजकेच कवी, पण प्रत्येकाला ऐसपैस पानं. एकेक कविता चाखून पुढे पळायची सोय नाही. एकाच माणसाच्या आवाजात बराच वेळ बसावं लागतं. मला हे फार आवडलं. दोघं मात्र इतके लांबले की मी सरळ पानं उलटली.

तक्रार एकच. ‘गॅनिमीड’मध्ये चित्रं, छायाचित्रं, गद्य असं सगळं नांदायचं. इथे निव्वळ कविता. संपादकाची आठवण जपली, पण त्याच्या डोळ्यांचा वाटा सुटला. तरी पुढचा अंक शोधतोय, यावेळी पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवा म्हणून आधीच सांगणार आहे.